या महिन्यात बांधकाम किती झालं, हे मोजतात कसं?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. 'बांधकाम क्षेत्र इतके टक्के वाढलं' अशी बातमी फोनवर येते आणि आपण स्वाइप करतो. पण हा आकडा काढतात कसा?

कार मोजणं सोपं असतं. महिन्यात कारखान्यातून हजार गाड्या बाहेर पडल्या, की उत्पादन हजार. बिल्डिंगचं तसं नाही. एक टॉवर उभा राहायला तीन-चार वर्षं लागतात. पझेशन मिळालं त्याच महिन्यात सगळं 'उत्पादन' धरलं, तर आधीची तीन वर्षं तिथे शून्य काम झालं असा अर्थ होईल. म्हणून मोजायचं असतं ते त्या महिन्यात झालेलं काम. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज नाही, स्प्रिंट मोजायचा.

जगात याचे साधारण तीन मार्ग आहेत.

पहिला, पैसा. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०१० पासून दर महिन्याला सुमारे ८ हजार बांधकाम कंपन्यांना विचारतं, या महिन्यात किती किमतीचं काम केलं? मग त्यातून महागाई वजा करतात. म्हणजे बघा, गेल्या वर्षी १ लाखाचं काम झालं, यंदा १ लाख १० हजारांचं. पण दरच १० टक्के वाढले असतील, तर काम वाढलंच नाही, फक्त बिल वाढलं.

दुसरा, तास. साइटवर माणसांनी एकूण किती तास काम केलं ते मोजायचं. जर्मनीत या आकड्यांचा बराच आधार घेतात.

तिसरा, माल. सिमेंट आणि स्टील किती, यावरून अंदाज बांधायचा. आपण भारतात मुख्यतः हेच करतो. आठ प्रमुख उद्योगांचा निर्देशांक दर महिन्याला येतो, त्यात सिमेंट आणि स्टील आहे. जीडीपीमधल्या बांधकामाचा तिमाही अंदाज काढतानाही सिमेंटचं उत्पादन आणि तयार स्टीलचा वापर हेच मोठे आधार. आपल्याकडे छोटे ठेकेदार इतके आहेत, आणि बरेचसे कागदावरच नाहीत, की दर महिन्याला फॉर्म कोण भरणार? सिमेंटचे कारखाने मात्र मोजके आहेत आणि आकडे लवकर मिळतात.

ही पद्धत चालते का? मोठा धक्का असेल तर लगेच कळतं. एप्रिल २०२०, लॉकडाउन. सिमेंटचं उत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त घसरलं. साइट बंद, हे आकड्यात लख्ख दिसलं.

पण छोट्या चढउतारात फसगत होते. २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, २०२३ ची १२ नोव्हेंबरला. दिवाळीत मजूर गावी जातात, काम थंडावतं. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिमेंटची वार्षिक वाढ दोन आकडी दिसली, आणि नोव्हेंबरमध्ये थेट उणे. महिन्याभरात देश एवढा बदलला का? नाही, दिवाळी सरकली. अशा वेळी दोन महिने एकत्र करूनच बघायचं.

आता खरा मुद्दा. सिमेंट मोजलं की माणूस मोजला जातो का?

स्लॅब पडतो तेव्हा सिमेंट भरपूर लागतं. नंतर वायरिंग, प्लंबिंग, रंगकाम सुरू होतं. तिथे सिमेंट नगण्य, पण माणसं महिनोन्महिने राबतात. ती मेहनत सिमेंटच्या आकड्यात जवळजवळ येतच नाही.

उलटंही होतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या साइट्सवर आता मायवान शटरिंग दिसतं. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंतीसुद्धा काँक्रीटनेच ओतायच्या. विटांचं बांधकाम नाही, प्लास्टर जवळपास नाही. म्हणजे सिमेंट खपतंय, इमारत झपाझप वर जातेय, पण वीट रचणाऱ्या गवंड्याला आणि त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला तिथे काम कमी. निर्देशांक वर, आणि सकाळी मजूर अड्ड्यावर उभा असलेला माणूस दहा वाजता तसाच घरी परत. हे दोन्ही एकाच महिन्यात खरं असू शकतं.

म्हणून 'बांधकाम वाढलं' याचा अर्थ 'बांधकामातला रोजगार वाढला' असा परस्पर लावू नका. पहिलं मालावरून कळतं. दुसऱ्यासाठी माणसांचे दिवस आणि तास मोजावे लागतात. धोरण रोजगारासाठी ठरवायचं असेल, तर सिमेंटच्या गोण्या मोजून भागणार नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली, की तीन गोष्टी बघा. काय मोजलंय: पैसा, तास की माल? तुलना कोणत्या महिन्याशी आहे? आणि मध्ये सण किंवा पाऊस आला होता का? एवढं बघितलंत, तरी व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या वादात तुम्ही शांत राहाल.

एपिसोड आवडला तर मित्रांना पाठवा, विशेषतः ज्याचा फ्लॅट बुक झालाय आणि पझेशन अडकलंय त्याला! भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.