पुस्तक जुने, पण हक्क कोणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात वाचनालय समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी भाषण करणे हे धाडसाचे काम. त्यात विषय कायद्याचा! म्हणून सुरुवात बाप्पांपासूनच करतो. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनीही अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. वाचनालयाच्या कामात मी पहिली अट पाळली आणि दुसरी विसरलो. त्याची ही हकिगत.

आपल्या वाचनालयातल्या मागच्या कपाटाला वाळवी लागली, हे तुम्हांला माहीत आहे. काही पुस्तके हातात घेताच पानांचा भुगा होत होता. मी निवृत्त माणूस, हाताशी वेळ आणि मुलाने आणून दिलेला स्कॅनर. दोन महिन्यांत चाळीसएक पुस्तके स्कॅन केली आणि उत्साहाच्या भरात इंटरनेटवर चढवलीही. त्यात आपल्याच एका दिवंगत सभासदाचे, माझ्या खात्यातल्या सहकाऱ्याचे, एकुलते एक पुस्तक होते. पदरमोड करून छापलेले प्रवासवर्णन. वाटले, आपल्या माणसाचे पुस्तक जगभर जाईल, वहिनींना आनंद होईल.

एके दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाल्या, "भावोजी, नातवाने पुस्तक दाखवलं. पण शेवटचं प्रकरण ह्यांना पुढच्या आवृत्तीत काढायचं होतं. त्यावरून धाकट्या दिरांचं मन दुखावलं होतं. ह्यांनी स्वतःच्या प्रतीत तसं लिहूनही ठेवलंय. तुम्ही विचारलं असतंत, तर तीच प्रत दिली असती."

मला उत्तर सुचले नाही. त्याच रात्री ते पुस्तक काढून टाकले. पाठोपाठ बाकीचीही उतरवली आणि आधी करायला हवा होता तो अभ्यास नंतर केला.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पुस्तकावरचा हक्क टिकतो. ही वर्षे मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, तर पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. त्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षांची झाली.

म्हणजे पुस्तकाचे वय पाहायचे नाही, लेखकाचे मृत्यूसाल पाहायचे. वि. स. खांडेकरांची 'हृदयाची हाक' १९३० ची, साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ ची. आधीचे पुस्तक आधी मोकळे होईल असे वाटते ना? पण गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ च्या सुरुवातीपासून सर्वांसाठी खुली आहे. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणून त्यांची कादंबरी २०३६ अखेरपर्यंत हक्कात राहील. सावरकरांची मुदत २०२६ अखेर संपते, तर पु. लं.साठी २०६० संपेपर्यंत थांबायला हवे. हक्क, डेडिगडित मोजून, असा वर्षावर ठरतो.

यात काही खाचखळगे आहेत. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार, दोघांचीही साले पाहायची. श्री सयाजी साहित्यमालेतली पुस्तके आपल्या बडोदेकरांच्या अभिमानाचा विषय आहे, पण माला जुनी म्हणून तिच्यातले प्रत्येक पुस्तक मोकळे, असे म्हणता येत नाही. दोघांनी मिळून लिहिले असेल, तर जो नंतर गेला त्याचे साल धरायचे. लेखकाचे नावच कळत नसेल, तर प्रकाशनापासून ६० वर्षे. लेखक गेल्यावर प्रथमच छापले असेल, तरी प्रकाशनापासूनच मोजायचे.

आवृत्तीही नीट पाहावी. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापला. वैद्य १९३८ साली गेले, त्यामुळे ती आवृत्ती खुली आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वेगळी आवृत्ती काढली. पोतदार १९७९ साली गेले, म्हणून त्यांनी लिहिलेली प्रस्तावना २०३९ अखेरपर्यंत हक्कात आहे. नाव एकच, पण कपाटातली प्रत कोणती, यावर सगळे अवलंबून. उलट बाजूही सांगतो. मोकळ्या झालेल्या पुस्तकाची कोणी नवी आवृत्ती काढली, म्हणून जुन्या मजकुरावरचा हक्क पुन्हा जिवंत होत नाही. नवी प्रस्तावना आणि नवी चित्रे तेवढी वगळावी लागतात.

आता माझेच जुने गैरसमज. पुस्तक बाजारात मिळत नाही, म्हणजे हक्क संपला? नाही. 'सर्व हक्क स्वाधीन' छापलेले नाही? हक्क नोंदणीवर किंवा त्या ओळीवर अवलंबून नसतो. आपण पैसे घेत नाही? तरीही परवानगी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या पुस्तकाची प्रत जतनासाठी संगणकात ठेवण्याची मुभा दिली आहे. पण वाळवीपासून पुस्तक वाचवणे वेगळे आणि ते जगापुढे मांडणे वेगळे.

समितीने आता एक वही घातली आहे. प्रत्येक पुस्तकाचे नाव, साल, आवृत्ती, लेखक, भाषांतरकार, संपादक, प्रस्तावनाकार आणि चित्रकार तिच्यात लिहायचे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पुस्तकाचा पत्ता लावायला उपयोगी पडते. मृत्यूसालासाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश आणि मराठी विश्वकोश पाहायचे. मग तीन ढीग करायचे: मोकळी, हक्कातली आणि संशयाची. मोकळी तेवढी इंटरनेटवर जातील. हक्कातल्यांसाठी वारसांना पत्र लिहायचे आणि संमती लेखी घ्यायची. संशयातली थांबतील, पण कपाटात नीट, कडुनिंबाच्या पाल्यासह!

इथे तुमची मदत हवी. अनेक लेखक कोणत्याही कोशात नाहीत. ते शाळेतले गुरुजी होते, कारकून होते, कुणाचे तरी आजोबा होते. ते कधी गेले हे फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. तुमच्या घरात कोणी पुस्तक लिहिले असेल, तर नाव आणि साल आम्हांला सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी लिहिले असेल, तर आपल्यामागे त्याचे काय करायचे ते आजच एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद नसला, की माझ्यासारखा उत्साही माणूस घोटाळा करतो.

वहिनींकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि ती प्रत पुढे ठेवली. शेवटच्या प्रकरणावर पेन्सिलीची तिरकी रेघ होती, समासात माझ्या मित्राचे ओळखीचे अक्षर. आता वहिनी आणि दोन्ही मुले, अशा तिघांच्या सह्यांचे संमतिपत्र आपल्या फायलीत आहे. पुस्तक पुन्हा चढवले आहे, त्यांना हवे होते तसे, शेवटच्या प्रकरणाशिवाय. पहिल्या पानावर वहिनींनी चार ओळी लिहून दिल्या आहेत. त्या मी इथे वाचत नाही. पुस्तक उघडा आणि तुम्हीच वाचा.

प्रसाद थांबला आहे, म्हणून मीही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!