खजुरीच्या झाडाखाली बसणारी दबोरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “विषय तुमच्या आवडीचा घ्या” म्हणून सांगितले, तेव्हा मला आमच्या शेजारच्या आजी आठवल्या. त्या बेने इस्राएल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवणारे जे ‘शनवार तेली’, त्यांच्यापैकी त्यांचे घराणे. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “अगं, मोशे सगळ्यांना ठाऊक असतो. आमच्या दबोरेला कोण विचारतो?” तेव्हापासून मी दबोरेला विचारीत आले आहे. जे हाती लागले ते आज सांगते.

ही कथा बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाच्या ग्रंथात आहे. काळ इसवी सनापूर्वी सुमारे बाराव्या शतकाचा मानतात. इस्राएल लोकांत तेव्हा राजा नव्हता. अडचणीच्या वेळी जो पुढे होई तो शास्ता. या शास्त्यांत स्त्री एकच, ती दबोरा. दबोरा म्हणजे मधमाशी. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखात, रामा आणि बेथेल या गावांच्या मध्ये, ती एका खजुरीखाली बसे आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येत. ती झाडाखालीच का बसे, यावर यहुदी धर्मपंडितांनी ताल्मूदात खल केला आहे. परपुरुषाशी घरात एकांत नको, म्हणून ती उघड्यावर बसे, असे त्यांचे एक उत्तर. भगिनींनो, सार्वजनिक काम करणाऱ्या बाईला लोकांच्या जिभेचा विचार तीन हजार वर्षांपूर्वीही करावा लागे, असेच त्यांना वाटले असावे!

त्या वेळी कनानचा राजा याबीन वीस वर्षे इस्राएल लोकांना छळीत होता. त्याचा सेनापती सीसरा याच्यापाशी नऊशे लोखंडी रथ होते. दबोरेने बाराक नावाच्या वीराला बोलावून सांगितले, “दहा हजार माणसे घे आणि ताबोर डोंगरावर जा.” बाराक म्हणाला, “तू येत असशील तर जातो, नाहीतर नाही.” ती म्हणाली, “येते. पण या मोहिमेचे श्रेय तुला मिळायचे नाही; सीसरा एका स्त्रीच्या हाती पडेल.” आणि ती उठून निघाली. पुढे कीशोन नदीला लोंढा आला, शत्रू वाहून गेला, असे तिच्या गीतात वर्णन आहे. त्या लोखंडी रथांचा काही उपयोग झाला नाही.

सीसरा पायी पळाला आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरला. तिने त्याला दूध पाजले, पांघरूण घातले आणि झोपेत त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली. हा भाग मला आजही सोसत नाही. आश्रयाला आलेल्याचा घात तो घातच. पण ग्रंथाने तो लपवलेला नाही, म्हणून मीही लपवीत नाही.

नंतर चाळीस वर्षे देशाला स्वस्थता मिळाली. दबोरेचे विजयगीत हिब्रू भाषेतील अगदी जुन्या काव्यांपैकी एक समजले जाते. ताल्मूदात सात संदेष्ट्रींची नावे दिली आहेत, त्यांत दबोरा आहे. मात्र त्याच पंडितांनी, ती स्वतःला ‘इस्राएलची माता’ म्हणवून घेते म्हणून तिला गर्विष्ठही ठरवले आहे.

ख्रिस्ती परंपरेचे मला अधिक नवल वाटले. नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धावान वीरांची नामावली आहे. तीत गिदोन आहे, शमशोन आहे, बाराकही आहे. दबोरा नाही! जो ‘तू आलीस तरच जाईन’ म्हणाला त्याचे नाव राहिले, जी गेली तिचे गळाले. तरी चौथ्या शतकात बिशप अँब्रोझ यांनी विधवांसाठी लिहिलेल्या ग्रंथात तिला मानाने पुढे आणले. 1558 साली जॉन नॉक्स यांनी स्त्रियांच्या राज्याविरुद्ध पुस्तक लिहिले. दबोरेचा अडसर त्यांनाही वाटला, म्हणून तिचे उदाहरण म्हणजे नियम नव्हे, असे ते बजावून सांगतात. पुढच्याच वर्षी, 1559 मध्ये, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत लंडनकरांनी रस्त्यात दबोरेचाच देखावा उभा केला.

शेवटी एक गोष्ट, जी आजींनी सांगितली नसती तर मला कळली नसती. दबोरेच्या गीतात सीसराची आई आहे. ती खिडकीशी उभी राहून, रथाला उशीर का होतो, म्हणून वाट पाहते आहे. यहुदी नववर्षाला, म्हणजे आपल्याकडचे बेने इस्राएल ज्याला ‘नव्याचा सण’ म्हणत त्या दिवशी, मेंढ्याचे शिंग फुंकतात. त्याचा सूर कसा असावा हे ठरवताना पंडितांनी याच आईच्या रडण्याचा शब्द आधाराला घेतला. ते रडणे कण्हण्यासारखे की हुंदक्यासारखे, यावर मतभेद झाला, म्हणून दोन्ही सूर फुंकतात. शंभर वेळा शिंग फुंकण्याची रीत आहे, तिचा संबंधही तिच्या शंभर आक्रोशांशी जोडतात. ज्याने आपल्याला छळले त्याच्या आईचे रडणे आपल्या सणात जपून ठेवायचे, याला मन मोठे लागते.

आता माझी एक कबुली. आपल्या बालवाडीला जागा मिळाली त्या वर्षीचा अहवाल मी लिहिला होता. ज्या गृहस्थांनी शेवटी सही केली त्यांचे आभार मी चार ओळी मानले. उन्हातान्हात कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्यातल्या बाईचे नाव राहून गेले. त्या बाई म्हणजे याच आजी. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या नामावलीतून दबोरा गळाली म्हणून मी हळहळत होते, आणि तेच माझ्या हातून घडले होते.

आजी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि नाव घेऊ नको म्हणून मला खुणावीत आहेत. म्हणून येथे घेत नाही. पण स्मरणिकेत मागील अहवाल छापताना तेवढी ओळ दुरुस्त करून छापावी, आणि तशी राहून गेलेली आणखी नावे कोणाला ठाऊक असतील तर त्यांनी आजच सांगावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.