भेग लहान असतानाच

पक्कड नसली की आपण तार कशी तोडतो? एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. एकदा वाकवून ती तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवून तुटते. लोखंडी पुलाचंही तसंच. वर्षानुवर्षं गाड्या जातात, दर वेळी लोखंड ताणलं जातं, सैल होतं. मग रिव्हेटच्या भोकाजवळ किंवा वेल्डिंगपाशी केसासारखी भेग पडते. दर ओझ्याला ती उघडते, मिटते आणि जराशी पुढे सरकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

यावर एक उपाय स्वित्झर्लंडमधल्या म्युन्शेनस्टाइन गावी केला गेला. तिथे १८९१ साली बिर्स नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळला होता. सत्तरहून जास्त माणसं गेली. त्या जागी दुसरा पूल बांधला. तो सुमारे १२० वर्षांचा झाला, तेव्हा थकव्याने भेगा पडू नयेत म्हणून एम्पा या संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी त्याच्या तुळयांना कार्बन फायबरच्या पट्ट्या ताणून बसवल्या.

कार्बन फायबर म्हणजे केसाहून बारीक धागे, रेझिनमध्ये घट्ट बसवलेले. वजनाला हलके, ताणाला चिवट, आणि गंजत नाहीत.

पण पट्टी ताणायची कशाला? बैलगाडीचं चाक आठवा. लोहार धाव तापवून चढवतो. ती थंड होताना आवळते आणि लाकडाचे सांधे दाबून धरते. ताणलेली पट्टीही लोखंडाला तशीच दाबून धरते. भेग असलीच, तर तिचं तोंड उघडत नाही, म्हणून ती वाढायची थांबते किंवा फार सावकाश वाढते.

भेग सांधली मात्र जात नाही. शिवाय ओलाव्यात कार्बन लोखंडाला थेट टेकला तर लोखंड लवकर गंजतं, म्हणून मध्ये वेगळा थर लागतो. हे काम जाणकार अभियंत्याचंच.

आपलं काम पाहण्याचं. गावचा लोखंडी साकव, पाण्याच्या टाकीचा सांगाडा नीट पाहा. जोडापाशी रंग फुटून तांबडी रेघ दिसली, तर तिच्या टोकाशी खूण करा, तारीख लिहा. रेघ खुणेपुढे गेली तर ती वाढते आहे. पण त्याची वाट बघू नका. रेघ दिसताच गटातर्फे ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणीआधी वरून रंग मारू देऊ नका. रंगाने भेग झाकते, थांबत नाही.

त्याच साकवावरून आपली लेकरं शाळेत जातात.