आम्हाला सगळं ऐकू येतं

कामं आटोपली नसतील तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही आमच्याबद्दलच बोलणार आहोत. आम्ही म्हणजे निलंगा तालुक्यातली तीन मोठी माणसं. तिघंही स्वमग्न, डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ते. एक शिवणकाम करते, एक दुकानात हिशेब लिहितो आणि तिसरा तोंडानं बोलत नाही, मोबाइलवर एकेक अक्षर दाबून सांगतो. हे बोलणं तिघांनी मिळून लिहिलंय. आवाज तेवढा शिवणकाम करणारीचा.

आधी त्या शब्दाबद्दल. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. शब्द वापरात आहे म्हणून आम्हीही वापरतो, पण आमची खरी अडचण याच्या उलट आहे. बाहेरचं सगळं आमच्या आत फार येतं, गाळून येत नाही.

ज्यांची पन्नाशी उलटली त्यांना १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख आठवत असेल. गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक महिने आपल्या भागात कुणी माळवदाखाली झोपायला धजत नव्हतं. रस्त्यानं ट्रक गेला, चुलीपाशी पातेलं पडलं की माणसं उठून अंगणात पळायची. त्यांना कुणी येडं म्हटलं नाही. अंगानं भीती धरलीय हे सगळ्यांना कळत होतं. आमचं अंग जन्मापासून तसं आहे. कुकरची शिट्टी, शेजारचा मिक्सर, वरातीतला डीजे, ब्लाउजच्या गळ्याला टोचणारी पट्टी, हे सगळं एकदम अंगावर येतं. मग आम्ही कान दाबतो, पुढं-मागं झुलतो, एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. झुललं की बरं वाटतं. लेकराला झोळीत घालून तुम्ही झोका देताच की.

डोळ्याला डोळा भिडवत नाही, अशीही एक तक्रार असते. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं नजर खाली ठेवली तर ती संस्कारी, आणि आम्ही ठेवली की आजारी! खरं सांगायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं आमच्या कानातून निसटतं. बोलणं नीट ऐकायचं म्हणूनच आम्ही भिंतीकडं बघतो.

आता आमच्यातल्या तिसऱ्याची गोष्ट. त्यानं लिहून दिलीय, तशीच सांगतो. तो नऊ वर्षांचा होता. येळवसेला सगळा गोतावळा शेतात जमला होता. भज्जीत इतक्या भाज्या एकत्र की त्याला तो घास तोंडात धरवेना. नात्यातल्या एकानं धरून भरवला, त्यानं ओकला, आणि सगळ्यांदेखत चापट बसली. तो जाऊन कडब्याच्या कोपीत बसला, पांडवांच्या पूजेपाशी. आत सावली होती, कडब्याचा वास होता, आवाज कमी होता. बाहेर आंबील पिता पिता बाया बोलत होत्या. एक म्हणाली, "माय हाय तवर ठीक. देवानं मायच्या आधी ह्याला न्यावं." त्याची माय काहीच बोलली नाही. नुसती भाकरी मोडत राहिली.

त्याला बोलता येत नाही म्हणून कळतही नाही, असं सगळे धरून चालले होते. पण तो एसटीच्या पाट्या आणि बिस्किटाच्या पुड्यांवरून अक्षरं ओळखायला शिकला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोबाइल हातात आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. कुणी त्याचा हात धरत नाही, तो स्वतःच दाबतो. पहिल्या आठवड्यात त्यानं मायला लिहिलं, "कोपीत ऐकलं होतं." अठरा वर्षं ते वाक्य त्याच्याजवळ होतं. न बोलणाऱ्या प्रत्येकाला सगळंच समजतं, असं आम्ही म्हणत नाही. काहींना शिकायला खरंच जड जातं. पण कुणाला किती कळतं हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बायांनो, लेकरासमोर लेकराबद्दल बोलताना ते ऐकतंय असं धरूनच बोला.

मायचा विषय निघालाच आहे. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरानं १९४३ मध्ये अशा अकरा लेकरांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. नंतर बरीच वर्षं तिकडचे मोठमोठे डॉक्टर म्हणत होते की आई माया लावत नाही म्हणून लेकरू असं होतं. म्हणजे शिकलेल्या डॉक्टरांनीही सासूसारखंच सुनेवर ढकललं! पुढं ते साफ खोटं ठरलं. ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे, आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. गरोदरपणी ग्रहण बघितलं, मोबाइल दिला, असल्या गोष्टींनी हे होत नाही. लसीनंही होत नाही. लसीमुळं होतं असं सुचवणारा लेख १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये छापून आला होता. तो छापणाऱ्या नियतकालिकानंच २०१० मध्ये मागं घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नावही डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं. तेव्हा गोवराची लस चुकवू नका.

भानामती, बाहेरचं, करणी यावर आम्ही फार बोलत नाही. तिघांच्याही गळ्यात दोरे बांधून झालेत, लिंबं उतरवून झालीत. एवढंच सांगतो की आमच्यातल्या एकाच्या मायनं बचत गटातून कर्ज उचलून "सहा महिन्यांत बोलायला लागेल" म्हणणाऱ्याकडून पुड्या आणल्या. लेकरू बोललं नाही, हप्ते मात्र तीन वर्षं फेडले. ऑटिझम घालवणारं औषध नाही. झटके येत असतील, झोप लागत नसेल तर त्यावर औषध असतं, ते जरूर घ्यावं. बोलणं, खुणा, रोजची कामं शिकवणारे लोक असतात, त्यांचा उपयोग होतो. लवकर सुरू केलं तर जास्त होतो.

शिवणकाम करणारीचं म्हणजे बोलणारीचं थोडं. मुलींचं हे लवकर ओळखू येत नाही. गप्प बसणारी, बटणं रंगाप्रमाणे लावत राहणारी मुलगी, तिला सगळे गुणाची म्हणतात. "लग्न झालं की सुधारेल" म्हणून एकोणिसाव्या वर्षी लग्न लावलं. सासरी काहीच सांगितलं नव्हतं. भरल्या घरात, रोज पाहुणे, रात्री मोठ्यानं टीव्ही. ती मोरीत जाऊन दार लावून बसायची. दोन वर्षांत माहेरी परत. यात त्या नवऱ्याचंही नुकसान झालं, हेही म्हणायला पाहिजे. माहीत असून, दोघांच्या मर्जीनं केलेले संसार चालतात. लपवून केलेला औषध म्हणून चालत नाही. तिला स्वतःचं नाव एकतिसाव्या वर्षी कळलं, तेही भाच्याची तपासणी करायला सोबत गेली म्हणून. डॉक्टर भाच्याबद्दल विचारत होते आणि ही मनातल्या मनात आपली उत्तरं देत होती.

तुमच्या गल्लीत वर्षाचं लेकरू हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी हवं ते बोटानं दाखवत नसेल, आलेले शब्द गळून गेले असतील, तर "मामाही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. आधी कान तपासा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्याला दाखवा, ते पुढं पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, तीत वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. कागद गोळा करायला हेलपाटे पडतात, हे खरं. गटातल्या एकीनं सोबत गेलं तर मायचा धीर टिकतो.

आमच्या शेजारच्या काकू मिक्सर लावण्याआधी भिंतीपलीकडून हाक देतात, "लावतेय गं!" तेवढ्यात कान झाकता येतात. त्यांना यासाठी कुणी काही शिकवलं नव्हतं, एकदा विचारलं आणि सांगितलं, एवढंच. आणि येळवसेला आता त्याची माय साधी ज्वारीची भाकरी आणि दही वेगळं बांधून नेते. तो कोपीत बसून खातो, पाहुण्यांची लहान लेकरं त्याच्याजवळ येऊन मोबाइल बघतात. यंदा एकानं विचारलं, "काका, तू बोलत का नाहीस?" त्यानं दाबून दाखवलं, "बोलतोय की."