साखळी कोठे तुटते?

पुष्कळ दिवसांत न भेटलेला एखादा स्नेही अकस्मात फोन करतो. प्रकृतीची विचारपूस होते, मुलाबाळांची चौकशी होते, आणि मग तो म्हणतो, "एक उत्तम योजना आहे, पण ती फोनवर सांगण्याजोगी नाही. रविवारी येतो." रविवारी तो येतो तेव्हा त्याच्यासमवेत कोट घातलेले दुसरे एक गृहस्थ असतात. चहा होतो आणि कागद पुढे ओढला जातो. त्यावर एक वर्तुळ, त्याखाली पाच वर्तुळे, त्या प्रत्येकाखाली आणखी पाच. सर्वांत वरच्या वर्तुळात आपले नाव लिहिलेले पाहून कोणालाही क्षणभर बरे वाटावे यात नवल नाही. आपण काही हजार रुपयांचा माल घेऊन सभासद व्हावयाचे, पाच सभासद मिळवावयाचे. त्या पाचांनी आपापले पाच मिळवावयाचे. खालच्या प्रत्येकाच्या खरेदीतला काही अंश वर झिरपत आपल्यापर्यंत येत राहील, असे आश्वासन असते. साखळी विक्री म्हणा, बहुस्तरीय विक्री म्हणा की नुसते 'नेटवर्क' म्हणा, कागदावरचे चित्र एकच.

अशा योजनांत सभासद मिळविण्यास निघालेल्या बहुतेकांच्या पदरी निराशा का पडते, एवढाच प्रश्न आज विचारास घ्यावयाचा आहे. त्यांची चिकाटी कमी पडली, असे उत्तर साधारणपणे दिले जाते. हे उत्तर योजना चालविणारांच्या सोयीचे आहे; ते खरे नाही.

प्रथम हिशेब पाहू. समजा, वीस हजार प्रौढ माणसांचे एक तालुक्याचे गाव आहे. तेथे एका माणसाने पाच सभासद केले आणि पुढे प्रत्येकाने महिन्याभरात आपले पाच पुरे केले. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस, तीन हजार एकशे पंचवीस, पंधरा हजार सहाशे पंचवीस. सहा महिन्यांत मूळ माणसासह 19,531 जण सभासद झाले, गाव संपले. आता शेवटच्या पायरीवरच्या 15,625 जणांनी आपले पाच कोठून आणावयाचे? गाव लहान म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. तर सारा देश घ्या. तेराव्या पायरीवर 122 कोटींहून अधिक माणसे लागतात, आणि 2011 च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या 121 कोटी भरली होती; तीत पाळण्यातली मुलेही आली. शिवाय साखळी कोठेही थांबो, सहाव्या पायरीवर थांबो की तिसऱ्या, पाचांच्या या रचनेत दर शंभरांतील ऐंशी माणसे सदैव तळाशीच असतात. त्यांच्याखाली कोणी नसते.

याहूनही साधी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पहिला माणूस सोडला तर प्रत्येक सभासदाला कोणीतरी एकानेच आणलेले असते. म्हणजे जितके सभासद, त्याहून एकने कमी इतक्याच 'भरती' झालेल्या असणार. तेव्हा दर माणशी भरतीची सरासरी एकाच्या वर कधीच जाऊ शकत नाही. एकशे एक सभासदांत भरती शंभरच. त्यांतील पाच पराक्रमी पुरुषांनी प्रत्येकी वीस माणसे आणली असतील, तर उरलेल्या शहाण्णवांनी एकही आणलेला नाही, हे न पाहता सांगता येते. सभागृहातल्या व्यासपीठावर ज्याचा सत्कार होतो आणि ज्याचा धनादेश पडद्यावर दाखवितात, तो मनुष्य खोटा नसतो. धनादेशही खोटा नसतो. पण त्या एका यशासाठी खाली बसलेल्या पुष्कळांचे अपयश आवश्यक असते. सर्वांनी सारखीच मेहनत केली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक माणूस आला असता, आणि तोही अखेरच्यांना मिळाला नसता.

यावर एक चतुर उत्तर ऐकावयास मिळते. "कोणत्याही कचेरीत पाहा, साहेब एक आणि कारकून पन्नास, तोही मनोराच नव्हे काय?" असेल. परंतु कारकुनाला महिन्याअखेर पगार मिळतो. कारकून होण्यासाठी त्याला साहेबाकडून साबणाच्या वड्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

मालाचा विचारही येथेच करू. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण घ्या. आपल्या आळीत दुसरी बोहारीण येऊ नये, अशीच तिची इच्छा असते. दारातल्या गृहिणीला ती "तुम्हीही हाच धंदा करा" असे कधी सांगत नाही. ज्याला खरोखर माल विकावयाचा आहे तो गिऱ्हाईक शोधतो, प्रतिस्पर्धी निर्माण करीत नाही. साखळीतला विक्रेता मात्र आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विक्रेता करू पाहतो. मग गल्लीत विकणारे दहा आणि विकत घेणारा कोणी नाही, अशी अवस्था होते. माल सभासदच घेतात, हप्त्याचा दर्जा टिकावा म्हणून घेतात, आणि तो माळ्यावर साचतो. अमेरिकेतही वादाचे मूळ हेच होते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हर्बालाइफ या कंपनीवर असा आक्षेप घेतला की, तिचा मोबदला किरकोळ विक्रीपेक्षा नव्या भरतीवर आणि सभासदांच्या खरेदीवर अवलंबून आहे. 2016 साली तडजोड झाली. कंपनीने 20 कोटी डॉलर भरले, आणि पुढच्या वर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांना त्यांतून धनादेश गेले. मोबदल्याचा किमान दोन-तृतीयांश भाग पडताळून पाहिलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, अशी अट त्या कंपनीवर घालण्यात आली. खरे गिऱ्हाईक किती, हाच कसोटीचा प्रश्न ठरला.

हिशेबाची भिंत ही अशी आहे. पण व्यवहारात साखळी त्या भिंतीपर्यंत पोहोचतही नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच तुटते. तिचे कारण गणितात नसून आपल्या घरांत आहे.

नव्या सभासदाला पहिला धडा दिला जातो तो नावांची यादी करण्याचा. शंभर नावे लिहा, असे सांगतात. माणूस लिहावयास बसतो. मेहुणा, आतेभाऊ, कचेरीतला सोबती, मुलाच्या शाळेतले मास्तर, वरच्या मजल्यावरचे काका. ही यादी म्हणजे बाजारपेठ नव्हे. ती त्याच्या आयुष्याची वही आहे. तो एकेकाच्या घरी जातो. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणण्याची रीत नाही. "बघू या", "घरात विचारून सांगतो", "पगार होऊ द्या" अशी उत्तरे मिळतात आणि त्यांतील 'बघू' हा होकारच समजून तो पुन्हा जातो. तिसऱ्या खेपेस समोरचा माणूस पैसे काढून देतो. का देतो? योजना पटली म्हणून नव्हे, भिडेपोटी. भीड भिकेची बहीण, असे आपल्या जुन्या माणसांनी उगाच म्हटलेले नाही.

आता भिडेने आलेला हा सभासद पुढे कोणाला आणणार? त्याने पैसे दिले ते विषय मिटावा म्हणून. त्याच्या लेखी व्यवहार तेथेच पुरा झाला. पहिल्याच्या मनाने मात्र तो आता सुरू व्हावयाचा असतो. फोन होतात, सभांची निमंत्रणे येतात, आणि एके दिवशी मेहुणा घरी असूनही घरी नसतो. साखळी तुटण्याची खरी जागा ही. भीड एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडे जात नाही; आणि योजना तर सहाव्या-सातव्या पायरीचे चित्र दाखवून विकलेली असते.

बुडालेले पाच-दहा हजार रुपये माणूस काही महिन्यांत विसरतो. खर्च झालेली भीड भरून यावयास वर्षे लागतात. रात्री-अपरात्री रुग्णालयात कोणी सोबतीला हवे असते, मुलीच्या लग्नात चार दिवस हक्काने राबणारी माणसे हवी असतात, तेव्हा आपण त्याच यादीतल्या माणसांकडे जातो. ती माणसे येतात. पण दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक शंका उमटून जाते, आणि ती आपल्याला दिसते.

परस्परांच्या विश्वासावर पैसा फिरवूच नये, असे मात्र कोणी समजू नये. आपली भिशी घ्या. बारा बायका दरमहा पाचशे रुपये घालतात, सहा हजारांची रक्कम दर महिन्यास एकीला मिळते, वर्षाअखेर प्रत्येकीचे पैसे प्रत्येकीकडे परत आलेले असतात. कोणी श्रीमंत होत नाही. तेरावी बाई आली नाही म्हणून भिशी मोडत नाही. उलट अनोळखी तेरावी नको, असेच त्या बायका म्हणतात. वर्तुळ पूर्ण होते म्हणून ते टिकते. साखळीला मात्र रोज नवा माणूस लागतो, कारण कालच्याला द्यावयाचे पैसे आजच्याच्या खिशातून यावयाचे असतात.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. सभासद-नोंदणीवर पैसे देण्याचे वचन देणाऱ्या योजनांवर 1978 च्या बक्षीस चिठ्ठी व पैसा-अभिसरण योजना (बंदी) अधिनियमाने बंदी घातली. तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहे. 2021 च्या थेट विक्रीविषयक नियमांनी थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशा मनोऱ्याच्या योजना चालविण्यास मनाई केली. तरीही तळाचा माणूस पोलीस चौकीची पायरी सहसा चढत नाही, आणि त्यामागे केवळ आळस किंवा भीती नसते. 1978 चा कायदा योजना चालविणाराला जसा लागू आहे, तसाच तीत सभासद होऊन सहभागी होणारालाही लागू आहे. तक्रार लिहावयास बसलेल्या माणसाला, मला कोणी आणले, या रकान्यात मेहुण्याचे नाव लिहावे लागते. आणि मी कोणाला आणले, असे विचारले म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांचे.