पुनर्वापरातील डांबरी रस्त्यांची परीक्षा



ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे हे गाव आज औद्योगिक वसाहतीने वेढलेले आहे. येथून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड मालमोटारींची वर्दळ असते आणि चार महिने कोकणचा पाऊस त्यावर कोसळतो. अशा रस्त्यांवर दर दुरुस्तीत डांबराचा नवा थर चढत गेला, की रस्ता उंच होतो व पावसाचे पाणी कडेच्या घरांच्या उंबरठ्याशी येते. जुना थर खरवडून त्यातील खडी व डांबर पुन्हा वापरल्यास ही उंची आवरता येते आणि डोंगर फोडून काढावी लागणारी खडीही वाचते. इंडियन रोड्स काँग्रेसने या पद्धतीसाठी २०१५ साली स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

तथापि जुने डांबर ऊन व हवा यांमुळे कडक झालेले असते. मिश्रणात त्याचे प्रमाण चुकले, तर रस्त्याला लवकर भेगा पडतात व त्यांतून पाणी आत शिरते. वरच्या काळ्याभोर पृष्ठभागावरून हे ओळखता येत नाही. म्हणून परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरच घ्यावी लागते.

त्यासाठी बेंकेलमन बीम हे साधे उपकरण उपयोगी पडते. मागील आसावर ८,१७० किलोग्रॅम भार असलेली मालमोटार उभी करून तिच्या जोडचाकांमध्ये लांब दांड्याचे टोक ठेवतात. गाडी पुढे सरली, की दबलेला रस्ता किती वर येतो, हे तबकडीवर वाचता येते. जास्त दबणारा रस्ता आतून दुबळा समजावा. डांबर उष्णतेने मऊ होते. म्हणून रस्त्याचे तापमान नोंदवून मोजमाप ३५ अंश सेल्सिअसला जुळवितात. पावसाळा संपताच, जमिनीत ओल असताना, ही मोजणी करणे इष्ट होय. कारण रस्त्याची खरी कसोटी तेव्हाच लागते. जोडीला रस्त्यातून गोल नमुने कापून थरांची जाडी व परस्परांतील पकड पाहतात, आणि कोरड्या व भिजविलेल्या नमुन्यांची ताकद ताडून पाहतात.

एका मोजणीने निर्णय होत नाही. त्याच ठिकाणी दरवर्षी, आणि शेजारच्या नव्या खडीच्या रस्त्यावरही मोजणी झाली, तरच पुनर्वापर टिकाऊ ठरला की नाही, हे कळेल. रस्ता ताब्यात घेताना अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी केवळ गुळगुळीतपणा न पाहता मोजणीचा तक्ता मागावा. सार्वजनिक पैशाचा तो खरा हिशेब आहे.