आल्याचे लॅटिन नाव

श्रोतेहो, रोजच्या चहात ठेचून पडणाऱ्या आल्याला वनस्पतिशास्त्रात ‘झिंजिबर ऑफिसिनाले’ म्हणतात.

यातील ‘झिंजिबर’ हे प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नात्यातील वनस्पतींच्या गटाचे नाव असून, ते मसाल्याच्या व्यापाराबरोबर भारतातून ग्रीकमध्ये व तेथून लॅटिनमध्ये गेले. संस्कृत ‘शृंगवेर’ हा शब्द त्याच कुळातला.

‘ऑफिसिनाले’ हे मात्र विशेषण आहे.

लॅटिनमधील ‘ऑफिसिना’ म्हणजे मुळात कार्यशाळा. पुढे युरोपातील मठांमध्ये औषधे ठेवण्याच्या कोठीलाही हाच शब्द लागू झाला, आणि त्या कोठीत स्थान मिळालेली वनस्पती, म्हणजेच औषधी वनस्पती, या विशेषणाने ओळखली जाऊ लागली.

लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. मराठीत नाही का, हळद ओली असते आणि आले ओले!

‘झिंजिबर’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘ऑफिसिनाले’.

आवळ्याचे जुने शास्त्रीय नाव ‘एम्ब्लिका’ स्त्रीलिंगी, म्हणून तेथे ‘ऑफिसिनालिस’. पुल्लिंगी नामापुढेही हेच रूप येते.

शेवट कोणताही असो, श्रोतेहो, दोन्ही रूपे त्या औषधांच्या कोठीकडेच बोट दाखवतात. परंतु गुणाची ही नोंद जुन्या वापराची आहे, आजच्या उपचाराची शिफारस नव्हे.